जीपमधून उतरून पाहिलेला ब्रोमो

ब्रोमो हा इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा धुमसता ज्वालामुखी. तिथे जाणार असाल तर वर गावात दोन रात्री राहा. खालच्या सुराबाया शहरातून रात्री अकराला निघायचं, पहाटे सूर्योदय बघायचा आणि दुपारच्या जेवणाला परत खाली यायचं, अशी जी सहल सगळीकडे विकली जाते ती घेऊ नका. आमच्या ओळखीतली चार घरं तशीच जाऊन आली. थंडी फार, गर्दी फार, फोटो छान, यापलीकडे त्यांच्याकडून काही ऐकायला मिळालं नाही. मी आणि माझ्या नणंदबाई तीन दिवस राहिलो, आणि पहिल्या दिवशीचा ब्रोमो व दुसऱ्या दिवशीचा ब्रोमो हे दोन वेगळे डोंगर वाटावेत इतका फरक पडला.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठल्या नजरेने लिहितेय ते कळेल. मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात 31 वर्षं प्रयोगशाळेत कामाला होते. मुलं फील्डवरून पोत्यांनी दगड आणायची. दगडाच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने नंबर घालायचा आणि रजिस्टरात नोंद करायची. काही दगडांचे काप काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटर जाडीचे होईपर्यंत घासायचे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून प्रकाश आरपार जातो. भूशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण बेसॉल्ट कुठला आणि ऱ्हायोलाइट कुठला हे मला हातात घेतल्याबरोबर कळतं. निवृत्तीनंतर दर रविवारी आम्ही सहा-सात बायका बडोद्याजवळचा पावागड डोंगर पायी चढतो. पावागड ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, हे बडोद्यात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खाली काळा बेसॉल्ट, वर फिकट, पट्ट्यापट्ट्यांचा ऱ्हायोलाइट, आणि त्याच्याही वर महाकालीचं देऊळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला, त्या काळातलं हे सगळं. थंड झालेला दगड हाताळण्यात माझी हयात गेली. तो गरम असताना काय प्रकार असतो, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

ब्रोमोच का, तर नणंदबाईंमुळे. त्या 64 वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण चालण्याची हौस माझ्याहून जास्त. धुमसत्या ज्वालामुखीच्या अगदी तोंडापर्यंत बिनदोराचं, बिनसामानाचं जाता येईल अशा जागा जगात फार नाहीत. ब्रोमो तसा आहे. उंची 2,329 मीटर, म्हणजे पावागडच्या जवळजवळ तिप्पट, पण तुम्ही राहता तेच गाव 2,200 मीटरच्या आसपास असतं. ब्रोमो, तेंगेर आणि सेमेरू अशी तीन नावं जोडून केलेलं हे राष्ट्रीय उद्यान 1982 साली जाहीर झालं. क्षेत्र 50,000 हेक्टरांहून थोडं जास्त. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा, आणि सेमेरू म्हणजे आपला सुमेरू. जावाच्या जुन्या कथेत आहे की बेट समुद्रावर डुलत होतं, ते स्थिर व्हावं म्हणून देवांनी जंबुद्वीपातून मेरू पर्वत उचलून तिथे नेऊन ठेवला. रोजच्या पूजेत आपण संकल्प सोडताना ज्या जंबुद्वीपाचं नाव घेतो, तेच हे.

आम्ही जुलैत गेलो. इकडे धो धो पाऊस, तिकडे कोरडा हंगाम. मे ते ऑक्टोबर या दिवसांतच जावं. मुंबई, सिंगापूर, सुराबाया असं विमान. इंडोनेशियाचा व्हिसा विमानतळावर उतरल्यावर पाच लाख रुपिया भरून मिळतो. सुराबायाहून रेल्वेने प्रोबोलिंगो, तिथून गाडीने चढण. प्रोबोलिंगो समुद्रकाठी आहे, म्हणजे दोनेक तासांत तुम्ही शून्यावरून 2,200 मीटरवर जाता. कान बंद होतात. वर पोचल्यावर त्या दिवशी काहीही करू नका, पाणी प्या आणि पडून राहा. हवेचा दाब खालच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो आणि ते जिना चढताना लगेच जाणवतं.

एक तक्रार इथेच सांगून टाकते. आम्ही बडोद्यातल्याच एका एजंटाकडून बुकिंग केलं होतं. उद्यानाचं प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये धरलं आहे, असं त्याने तोंडीही सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. पहाटे साडेतीनला नाक्यावर कळलं की आमच्या नावाचं तिकीटच काढलेलं नाही. प्रवेश आधी ऑनलाइन काढावा लागतो. परदेशी माणसाला आमच्या वेळी माणशी 2,55,000 रुपिया पडले, म्हणजे चौदाशे रुपयांच्या आसपास. काळोखात, फोनला धड रेंज नसताना, गोठलेल्या बोटांनी पासपोर्टचे नंबर भरण्यात आमचा पाऊण तास गेला. ड्रायव्हरने स्वतःच्या फोनवरून मदत केली म्हणून निभावलं. तुम्ही उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तिकीट काढा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. एजंटावर सोपवू नका.

पहिल्या पहाटेचा कार्यक्रम सगळ्यांचा असतो तोच: जीपने पेनांजाकान. ही जागा 2,770 मीटरवर आहे. जुन्या लँड क्रूझर जीपांची रांगच रांग, दिवे एकामागे एक. वर चहाच्या टपऱ्या, भाड्याने जाकिटं देणारे, आणि कठड्याशी चार-चार ओळींत उभी माणसं. पारा शून्याच्या थोडा वर असेल. नणंदबाईंनी स्वेटरवर शाल आणि शालीवर भाड्याचं जाकीट घातलं तरी त्यांचे दात वाजत होते. सूर्य डावीकडून, थोडा पाठीमागून वर आला, आणि समोर खालचं सगळं हळूहळू उघडत गेलं. आधी धुक्याने भरलेलं प्रचंड ताट. मग त्यातून वर आलेला बातोक डोंगर. मग त्याच्या बाजूला ब्रोमोचं फुटकं तोंड, वाफ सोडणारं. आणि सगळ्यांच्या मागे, दूर, 3,676 मीटरचा सेमेरू. आम्ही बघत असताना त्याने राखाडी धुराचा एक गोळा सोडला. वीसेक मिनिटांनी आणखी एक.

दृश्य खरंच अपूर्व आहे, त्यात शंका नाही. पण मला ते शांतपणे बघता आलं नाही. हातभर उंचावलेल्या फोनांमधून बघावं लागतं, कोणीतरी ड्रोन उडवतं, आणि उजेड झाल्या झाल्या ड्रायव्हर हाक मारतात, कारण पुढच्या जागेवर दुसऱ्यांच्या आधी पोचायचं असतं. सात वाजता शेकडो जीपा खालच्या वाळूवर उभ्या असतात. टायरची धूळ, घोड्यांची लीद, गॉगल विकणारे, मास्क विकणारे. विवराच्या पायऱ्यांवर आपल्याकडे नवरात्रात पावागडच्या माचीला होते तशी दाटी. अर्ध्यातून आम्ही परतलो. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, एवढ्यासाठी आलो का ग आपण?" मी म्हटलं, "ताई, उद्याचा दिवस आहे अजून. उद्या चालत जाऊ."

दुसऱ्या दिवशीचं सविस्तर लिहिते, कारण लिहिण्यासारखं तेच आहे.

आमच्या होमस्टेच्या मालकिणीने तिच्या दिराला सोबत दिलं. चाळिशीचा तेंगेर माणूस (तेंगेर म्हणजे या डोंगरातले मूळचे लोक), डोक्याला विणलेली टोपी, खांद्यावरून सारोंग गुंडाळलेली. तेंगेर पुरुष-बायका थंडीसाठी सारोंग अशीच पांघरतात, आपल्याकडे खेड्यात घोंगडी घेतात तशी. मोडकं इंग्रजी, बाकी खाणाखुणा आणि फोनवरचं भाषांतर. त्याने आम्हाला नऊपर्यंत घरात बसवून ठेवलं. सूर्योदयवाल्या जीपा परत फिरतात आणि दुपारचं धुकं अजून आलेलं नसतं, तो मधला वेळ त्याला पक्का ठाऊक होता. साडेनऊला निघालो.

गावाचं नाव चेमोरो लावांग. चेमोरो म्हणजे सुरूचं झाड, लावांग म्हणजे दार. नाव अगदी खरं आहे. सुरूच्या झाडांमधून वाट जाते आणि एकदम पायाखालची जमीन संपते. तुम्ही कड्यावर उभे असता. हा कडा म्हणजे एका जुन्या, आजच्या ब्रोमोच्या कितीतरी पट मोठ्या ज्वालामुखीची भिंत. त्याच्या पोटातला लाव्हा निघून गेल्यावर वरचं छत आत बसलं आणि हे दहाएक किलोमीटर रुंदीचं भगदाड तयार झालं. ब्रोमो, बातोक आणि त्यांच्या शेजारचे डोंगर नंतर त्या भगदाडाच्या तळातून उगवले. म्हणजे पेनांजाकानवरून ज्याला आपण ज्वालामुखी म्हणून बघतो ते मधलं पिल्लू. खरा मोठा आपण ज्याच्या काठावर उभे असतो तो. हे मी पुस्तकातल्या आकृतीत कितीदा पाहिलं असेल. कड्यावरून वळणावळणाने पायी उतरताना भिंतीतले थर हाताशी आले, राखेचा, खड्यांचा, पुन्हा राखेचा, आणि तेव्हा ती आकृती माझ्यासाठी खरी झाली.

खाली वाळूचा समुद्र. तिथले लोकही त्याला तेच म्हणतात. गावातून पायऱ्यांपर्यंत तीनेक किलोमीटरचं सपाट चालणं, पण पाय रुततो, म्हणून वेळ दीडपट धरा. ही नदीची किंवा समुद्राची वाळू नव्हे. मी विभागातलं माझं जुनं दहापटीचं भिंग नेलं होतं. एका जागी बसले आणि चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिली. काळसर काचेचे तुकडे, कडा धारदार, काहींत बुडबुड्यांची भोकं तशीच राहिलेली. मध्येच पांढरट, चपटे, चमकणारे फेल्डस्पार या खनिजाचे कण. नदीची वाळू घासून घासून गोल होते. ही मात्र आकाशातून पडली आहे, कुठे घासलीच गेलेली नाही. म्हणूनच एक सांगते: राख डोळ्यांत गेली तर चोळू नका, पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स तर लावूच नका. कॅमेऱ्याची काच कापडाने पुसू नका, फुंकून साफ करा. लोक तिला कोळशाची राख समजतात, पण ती काचेची पूड आहे.

वाऱ्याने ही पूड जमिनीलगत सरकते आणि बारीक सळसळ ऐकू येते. जीपा असताना हे ऐकू येणं शक्यच नाही. आम्ही तिघं उभे राहिलो, आणि नणंदबाईंनी पदर कानावरून बाजूला केला.

बातोकच्या पायथ्यावरून वाट जाते. विझलेला डोंगर, अगदी सरळ शंकूचा, आणि अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या खोल चुण्या. पावसाच्या पाण्याने राखेत पाडलेल्या या घळी, पण पाहिल्याबरोबर नऊवारीच्या निऱ्याच आठवतात, हिरव्या काठाच्या. बातोक म्हणजे नारळाची करवंटी. तिथली गोष्ट अशी: रोरो आंतेंग नावाच्या राजकन्येला एका राक्षसाने मागणी घातली. एका रात्रीत इथे समुद्र खणून दे, अशी तिने अट घातली. तो करवंटीने खणत सुटला आणि काम पुरं होत आलं. तेव्हा तिने बायकांना उठवून मुसळांनी कांडायला लावलं. कांडण्याचा आवाज ऐकून कोंबडे आरवले, राक्षसाला वाटलं उजाडलं. त्याने चिडून करवंटी भिरकावली, तो बातोक. अर्धवट खणलेला, पाण्यावाचूनचा समुद्र म्हणजे ही वाळू. पुढे तिचं लग्न जोको सेगेरशी झालं आणि आंतेंगमधला तेंग व सेगेरमधला गेर मिळून तेंगेर हे नाव झालं.

नणंदबाई वाळूवर घोड्यावर बसल्या. एका बाजूचे दीड लाख रुपिया पडले, आधी ठरवून घ्या. घोडेवाला सोबत चालतो, घोडी शांत असतात. पायऱ्यांच्या पायथ्याशी घोडा थांबतो. तिथून सुमारे 250 पायऱ्या. पावागड चढणाऱ्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, मलाही वाटला. पण पायऱ्यांवर राख साचलेली असते, पाय मागे घसरतो, आणि दर तीस-चाळीस पायऱ्यांवर श्वासासाठी थांबावं लागतं. कठडा धरून, आडवं पाऊल टाकत आम्ही चढलो. गाईड नणंदबाईंच्या एक पायरी खाली राहून चालत होता, त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. वरच्या टप्प्यात गंधकाचा वास घशाला लागतो, म्हणून साधा सर्जिकल मास्क न नेता जाड, नाकावर घट्ट बसणारा मास्क न्या. मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. दम्याच्या माणसाने काठावर जाऊच नये. वारा आपल्याकडे फिरला तर कोणीही असो, लगेच खाली उतरावं.

काठावर पोचलो तेव्हा तिथे आम्ही तिघं आणि दोन जपानी मुलं होती, बस. काल जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे.

आधी आवाज येतो. लहानपणी प्रतापनगरला नॅरोगेजचं वाफेचं इंजिन उभ्याउभ्या वाफ सोडायचं, मी वडिलांचं बोट धरून लांब उभी राहायची. तोच आवाज, पण तो थांबत नाही. श्वास घेत नाही. पोटात जाणवतो. मग वाकून बघितलं की पांढऱ्या वाफेचा खांब आणि त्याच्या मुळाशी गंधकाचे पिवळे डाग. तळ दिसत नव्हता. काठ अरुंद आहे, दोन माणसं एकमेकांना ओलांडतील इतकाच, आणि कठडा पायऱ्यांच्या आसपास थोडा आहे तेवढाच. पुढे काठावरून चालत जाणारे लोक दिसतात, पण आतल्या बाजूचा उतार सुट्या राखेचा आहे आणि तिथे पाय सुटला तर धरायला काही नाही. आम्ही कठड्याची हद्द सोडली नाही.

तिथे बसून मला पिठलं आठवलं. पातळ कढी उकळली तर नुसती खदखदते, घट्ट पिठल्यातला बुडबुडा मात्र अडकून बसतो आणि फुटतो तेव्हा हातावर उडतो. दख्खनचा लाव्हा पातळ होता, भेगांतून निघून मैलोन् मैल पसरला, म्हणून आपल्याकडे सपाट थर आणि पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. पावागडच्या माथ्यावरचा ऱ्हायोलाइट घट्ट होता, त्यात घट्टपणा आणणारी सिलिका जास्त. जावाच्या दक्षिणेला समुद्राचा तळ बेटाच्या खाली शिरतो आहे, सोबत पाणी घेऊन. त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक वितळतो, आणि वर येता येता पाण्याची वाफ होते. म्हणून इथले डोंगर फुटतात. 31 वर्षं हे शब्द माझ्यासमोर फळ्यावर लिहिले आणि पुसले गेले. काठावर बसल्यावर पायाखाली थरथर लागत होती, आणि पावागडचा ऱ्हायोलाइटही एके काळी असाच गरम, असाच आवाज करत असेल, हे मला पहिल्यांदा खरं वाटलं.

काठावर एक लहानशी गणेशमूर्ती आहे, राखेने धूसर झालेली, समोर फुलं आणि थोडा तांदूळ. आम्ही बडोद्याहून नेलेला गुळाचा खडा ठेवला आणि अथर्वशीर्ष म्हटलं. गाईडने सारोंग सारखी केली, हात जोडले आणि म्हणून होईपर्यंत हलला नाही. तेंगेर लोक हिंदू आहेत. खाली वाळूतच त्यांचं पुरा लुहुर पोतेन हे मंदिर आहे. त्यांच्या पंचांगातल्या कसाडा महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास सगळी गावं रात्री इथे येतात आणि भाजी, धान्य, कोंबड्या, पैसे विवरात अर्पण करतात. रोरो आंतेंगच्या 25 मुलांपैकी धाकटा कुसुमा सगळ्यांसाठी या अग्नीत गेला, त्याची ही आठवण. काही गरीब माणसं आतल्या उतारावर जाळी घेऊन उभी राहतात आणि टाकलेलं झेलून घरी नेतात. त्यात कोणाला पाप वाटत नाही, असं गाईड म्हणाला. आमचा हा कसाडाचा सण चुकला, तो आधीच होऊन गेला होता.

उतरताना पायथ्याशी वाळलेल्या फुलांचे गुच्छ विकायला होते. हे जावाचं एडेलवाइस. तेंगेर भाषेत ताना लायू, न कोमेजणारं. उंच ज्वालामुखीच्या उतारांवर नव्या राखेत सगळ्यात आधी रुजणाऱ्या झाडांपैकी हे एक. जंगलातलं तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि पूजेला तर तेच लागतं. म्हणून आता काही गावांत त्याची लागवड करतात. आमच्या गाईडने त्याच्या गावच्या बागेत नेऊन दाखवलं: पानांवर पांढरी लव, थंडी आणि उन्हापासून जपायला. गुच्छ घ्यायचाच असेल तर लागवडीचा आहे ना, हे विचारूनच घ्या. दगड, राख काहीही उचलून आणू नका. माझी चिमूट मी भिंगाखाली बघून तिथेच सोडली, आणि 31 वर्षं नमुने सांभाळणाऱ्या हाताला ते सोपं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रोमोच्या मागच्या अंगाच्या गवताळ टेकड्यांवर गेलो. इथे सगळं हिरवं-सोनेरी, राखेचा मागमूस नाही. 2023 च्या सप्टेंबरात लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या लोकांनी फ्लेअर, म्हणजे धुराच्या नळकांड्या, पेटवल्या आणि हे गवत शेकडो हेक्टर जळलं. पाणी आणणारे पाइपही जळाले, गावांचं पाणी तुटलं. गाईडने हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. तेंगेर पंचांगाच्या सातव्या महिन्यात काही दिवस वाळूचा समुद्र गाड्यांसाठी बंद ठेवतात, डोंगराला आणि माणसांना विश्रांती म्हणून. तारखा बघून त्या दिवसांत जाता आलं तर नक्की जा. घोडा आणि पाय, एवढंच. सेमेरूच्या शिखराची वाट आम्ही गेलो तेव्हा बंद होती. तो फार जागा डोंगर आहे. 2021 च्या डिसेंबरात त्याच्या उद्रेकात पन्नासहून जास्त माणसं गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी मॅग्मा इंडोनेशिया या सरकारी संकेतस्थळावर ज्वालामुखीच्या धोक्याचा स्तर बघा. चार स्तर असतात. स्तर चढला की ठरावीक अंतराच्या आत जायला मनाई होते, आणि ती मनाई पाळा, कितीही लांबून आलेला असाल तरी.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. तहू आणि तेंपे (दोन्ही सोयाबीनचे), शेंगदाण्याच्या वाटणातली पालेभाजी, भात सगळीकडे मिळतं. अडचण एकच, मिरचीच्या चटणीत कोळंबीची तरासी असते. "तान्पा तरासी" म्हणजे तरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. आम्ही लीलो चिवडा, भाकरवडी आणि थेपले नेले होते, ते पहाटेच्या थंडीत फार उपयोगी पडले. होमस्टेतली खोली साधी होती, गरम पाणी बादलीभर, गोधड्या भरपूर, आणि मध्यरात्री न्हाणीघरात जायला अंगण ओलांडावं लागायचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आधीच विचारून घ्यावं. रोख पैसे खालूनच न्या.

पण तेंगेर घराचा जीव स्वयंपाकघरात आहे. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवत नाहीत, चुलीपाशी बसवतात. रोज रात्री आम्ही तिथेच होतो, गुडघे चुलीकडे करून, घरातली म्हातारी नणंदबाईंच्या ऑपरेशनच्या गुडघ्याला कसलंसं तेल लावत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी तासभर बोलत होत्या. तिथेच पांढऱ्या मक्याचा नासी आरोन खाल्ला, बरोबर पालेभाजी आणि भाजलेली मिरची. चव आपल्या मक्याच्या कण्यांच्या जवळची, पण थोडी आंबूस. हा हॉटेलात मिळत नाही, घरातच मागावा लागतो, आणि मका आधी काही दिवस भिजत घालावा लागतो. म्हणून होमस्टे ठरवतानाच सांगून ठेवा.